फुग्याचा दोर

रविवारी दुपारी सगळ्या शहराची मान दुखत होती. शनिवारी सकाळी नगरपालिकेने केशरी रंगाचा एक भलामोठा फुगा आकाशात सोडला होता आणि संध्याकाळपर्यंत लहानथोर सगळे वर बघत उभे होते. बंदराशेजारी येऊ घातलेला चाळीस मजली टॉवर नेमका किती उंच होणार, हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून हा खटाटोप. टॉवरच्या उंचीएवढा दोर, त्याच्या टोकाला फुगा; बघा आणि ठरवा. पुढच्या रविवारी शहराचा कौल घ्यायचा होता, असे टॉवर आपल्याकडे हवेत की नकोत. तोवर या शहरातली सगळ्यात उंच वस्तू म्हणजे धक्क्यावरची क्रेन, आणि तिच्याबद्दल कोणी कधी मत मागितलं नव्हतं.

फुगा सुटला तो या घराच्या अंगणातून, कारण पहिला टॉवर व्हायचा तो इथेच. त्याचा दोर वळला तोही याच घरात, कारण शहरात दोर वळणारं दुसरं घर उरलं नव्हतं. फाशी जाणाऱ्याकडूनच दोर मागवलाय, असं घरातला धाकटा भाऊ म्हणाला होता. तेव्हा सगळे हसले होते, दोर वळणारा थोरला भाऊसुद्धा.

घर म्हणजे खरं तर दोन खोल्या आणि वर माडी. बाकी सगळी ‘लांबी’. दोर वळण्याच्या शेडला या घरात चार पिढ्या लांबीच म्हणत आले. रुंदीला इतकी कमी की दोन माणसं शेजारून गेली तर एकाला खांदा तिरका करावा लागे, आणि लांबीला इतकी की एका टोकाला जेवायला हाक मारली तर दुसऱ्या टोकाचा माणूस येईपर्यंत सूप गार होई. यात पणजोबांची हौस नव्हती. शेड जेवढी लांब, तेवढाच दोर अखंड वळता येतो. सुताला पीळ देत देत वळणारा माणूस मागे मागे जातो आणि भिंत पाठीला लागली की दोर संपतो. आमच्या घराण्याने चार पिढ्या उलटं चालून प्रगती केली, असं बाबा पाहुण्यांना सांगत. ते गेल्यावर तेवढंच थोरला सांगू लागला, फक्त न हसता.

थोरल्याच्या बायकोने, थोरलीने, सूप वाढलं. नवऱ्याच्या ताटलीत पावाचे दोन तुकडे जास्त ठेवले, कारण तो आज जेवत होता. महिनाभर त्याचं खाण्यात लक्ष नव्हतं, आणि त्याला कारण त्याचंच तोंड होतं. जागेच्या कागदावर चार सह्या लागत होत्या, आईची आणि तिन्ही भावंडांची. इतर तिघांपैकी एक तयार होता, एक कुंपणावर होती आणि आई म्हणत होती, थोरला करील तेव्हा मी करीन. रोजच्या वादाला कंटाळून एके दिवशी थोरल्याने चमचा खाली ठेवला आणि सांगून टाकलं, “शहर हो म्हणालं तर मी सही करीन. नाही म्हणालं तर हा विषय या टेबलावर पुन्हा निघायचा नाही.” शब्द देऊन बसल्यावर त्याला समजलं की आपण आपली चार पिढ्यांची लांबी पाववाल्याच्या आणि न्हाव्याच्या मतावर सोडून दिली आहे.

पण फुग्याने काम केलं होतं. फुगा वर गेला, आणखी वर गेला, आणि तो थांबत नाही असं पाहिल्यावर लोक नकळत दोन पावलं मागे सरले. पाववाल्याने आपल्या दुकानावर सावली कुठवर येईल याचा हिशोब मांडला आणि तो घाबरला. टॉवर हवा म्हणून सह्या गोळा करत फिरणारा औषधवालाही दुपारनंतर गप्प झाला. मधली बहीण नगरपालिकेत नगररचना खात्यात होती. तिने सांगितलं की काल दिवसभरात शंभरावर लोकांनी खिडकीशी येऊन विचारलं, नाही म्हणायचं तर कुठे म्हणायचं. आई हे ऐकून इतकी खूश होती की तिने सुपाला मीठ कमी असल्याचंही सांगितलं नाही.

थोरली खूश नव्हती, पण तिने ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. टेबलाच्या खणात, धुतलेल्या नॅपकिनांच्या खाली, बिल्डरचं चकचकीत पुस्तक होतं. अकराव्या मजल्याच्या नकाशावर एका खिडकीभोवती तिने पेन्सिलने हलकंसं वर्तुळ केलं होतं. बावीस वर्षं ती या घरात ओल पुसत आली होती. इथे कपडे वाळत नसत, नुसते थंड होत. त्या खिडकीला दोन्ही बाजूंनी वारा होता. काल फुगा बघून आल्यावर तिने वर्तुळ खोडलं होतं, आणि खोडताना कागद थोडा फाटला होता.

धाकटा उशिरा आला आणि बुटांसकट आत आला.

“बूट,” आई म्हणाली.

त्याने बूट काढले, पण जाकीट काढलं नाही. धाकटा धक्क्यावर क्रेन चालवायचा. एकोणिसाव्या वर्षी तो लांबीतून निघाला आणि थेट वर चढला. पस्तीस मीटर उंचीवरच्या केबिनमध्ये बसून गेली एकवीस वर्षं जहाजांतली ओझी उतरवत होता. टॉवर झाला तर तिथली उंच क्रेन तीन वर्षं त्याच्या हाती द्यायचं कंपनीने कबूल केलं होतं. हे त्याने घरात लपवलं नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याला सवय नव्हती, आणि म्हणूनच घरात त्याचं सगळ्यांशी भांडण होई आणि कोणाशीही अबोला नसे.

त्याने खिशातून एक फोटो काढून थोरल्याच्या ताटलीशेजारी ठेवला.

“दादा, किती कापलास?”

“काय?”

“दोर. फुग्याचा.”

“बिल्ल्यावर लिहिलंय.”

“बिल्ल्यावर काय लिहिलंय ते सगळ्या शहराला पाठ आहे. मी विचारतोय, कापलास किती.”

या घरातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक दोराला लाकडाचा एक लहानसा बिल्ला बांधलेला असे. त्यावर लांबी आणि वळणाऱ्याची खूण. तो आकडा मोजून बघायची पद्धत शहरात नव्हती. पणजोबांच्या वेळेस कदाचित कोणी मोजून बघितलं असेल, पण त्याने काही चूक सापडली असं नंतर सांगितलेलं नाही. नगरपालिकेच्या इंजिनियरनेही मोजला नव्हता. त्याने बिल्ला वाचला, मान डोलावली आणि फुगा बांधायला सांगितलं. फुग्याच्या दोराच्या बिल्ल्यावर एकशेचाळीस मीटर असं थोरल्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं.

फोटो धाकट्याने काल बंदराच्या बांधाच्या टोकावरून काढला होता. डावीकडे त्याची क्रेन, हात सरळ वर केलेली, उजवीकडे फुगा. क्रेनच्या हाताचं टोक सत्तर मीटरवर येतं, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. त्याने फोटोवर पट्टी ठेवली.

“फुगा दुप्पट दिसायला हवा. हा बघ. अडीचपटीच्याही वर आहे.”

मधली म्हणाली की फोटोत असं होतंच, जवळचं मोठं दिसतं. धाकटा म्हणाला की क्रेन जवळ होती, फुगा नव्हे. आई म्हणाली की जेवताना पट्ट्या काढू नयेत. थोरल्याने फोटो ताटलीपासून दूर सरकवला. त्याचे कान मात्र लाल झाले होते. या घरात पुरुषांचा राग कानांवर येतो, आणि थोरलीने ते पाहून आपणच आपला चमचा खाली ठेवला.

“तू म्हणतोस मी दोर चोरला.”

“चोरला नाहीस. जास्त दिलास.”

“एकच झालं.” थोरला उठला. “चल.”

दोर लांबीतच होता. शनिवारी फुगा उतरवल्यावर नगरपालिकेच्या माणसांनी तो गुंडाळून परत आणून ठेवला होता, कारण तो ठेवायला त्यांच्याकडे जागा नव्हती.

धाकटा बऱ्याच वर्षांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालणार होता. भिंतीवर दर दोन मीटरला एक खुंटी, प्रत्येक खुंटीखाली पांढऱ्या रंगात आकडा. थोरल्याने दोराचं टोक पहिल्या खुंटीला अडकवलं, बाकीचं वेटोळं डाव्या हातावर घेतलं आणि मागे न बघता मागे चालू लागला, उजव्या हाताने दोर सोडत. धाकट्याने समोरून चालत दोर एकेका खुंटीवर बसवायचा. लहानपणी बाबांबरोबर त्यांनी हे हजार वेळा केलं होतं. दोघांची तोंडं एकमेकांकडे होती. थोरला केवढा थकलेला दिसतो, हे धाकट्याच्या प्रथमच लक्षात आलं. केबिनमधून माणसांची फक्त डोकी दिसतात.

त्याने भांडणाची पुरेपूर तयारी केली होती. दादा लबाडी करील असं त्याला कधी वाटलं नव्हतं. पण केली असेल तर ती आपल्याविरुद्ध केली, हे त्याला लागलं होतं. पट्टी लावण्याआधी तो बांधावर अर्धा तास नुसता उभा होता.

सत्तराव्या खुंटीवर दोर बसवला तेव्हा थोरल्याच्या हातावर अजून चांगलं जाडजूड वेटोळं होतं. धाकटा थांबला. थोरला थांबला नाही. त्याची नजर हातातल्या दोरावर होती. आकडे तो वाचत नव्हता. शेवटचा फेरा हातावरून सुटला तेव्हा त्याने मान वळवून भिंतीकडे पाहिलं.

“नव्वद,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटकेचा श्वास होता. “बरोबर आहे. सत्तर खुंट्या, वीस धरून…”

त्याने भिंतीवरचा आकडा पुन्हा वाचला.

धाकट्याला समजायला एक क्षण जास्त लागला, कारण तो आकड्यांपासून लांब राहिला होता. लांबी पूर्वी याहून मोठी होती. ते दोघं शाळेत असताना रस्ता रुंद करायला शेडचं पुढचं टोक गेलं, चाळीस मीटर, आणि त्याबरोबर पहिल्या वीस खुंट्या. तेव्हापासून खुंट्या एकविसापासून सुरू होत. आकडे बदला म्हणून सगळ्यांनी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, गेलेलं मोजायचं बंद केलं की ते खरंच जातं. मग घरातल्या प्रत्येकाने मनात वीस मिळवायला शिकून घेतलं. सत्तर खुंट्यांचा दोर हवा तर नव्वदाच्या खुंटीशी कापायचा. थोरल्याने हे तीसेक वर्षं केलं. आणि या वसंतात थोरलीने, बाहेरचे लोक घोटाळतात म्हणून, सगळे आकडे पुसून एकापासून नवे रंगवले. शिडी थोरल्यानेच धरली होती.

शिडी धरणारा हात शिकला, पण वीस मिळवणारं डोकं शिकलं नाही; दोर नव्या नव्वदाशी, म्हणजे एकशेऐंशी मीटरवर कापला गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते या घरापुरतं तरी शब्दशः खरं होतं.

थोरला एका पालथ्या खोक्यावर बसला.

“तुला वाटलं, मी मुद्दाम केलं.”

“वाटलं.”

“आता?”

धाकट्याने दोराला उगाच एक हिसका दिला. “आता वाटतंय, मुद्दाम केलं असतंस तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.”

टेबलावर सूप तसंच होतं. थोरल्याने उभ्या उभ्या सगळं सांगितलं, फक्त रंगाचं नाव काढलं नाही. तरी थोरलीला ते दुसऱ्या वाक्यातच समजलं.

“आकडे मी बदलले,” ती म्हणाली.

“मी शिडी धरली होती,” थोरला म्हणाला.

यानंतर जे झालं ते या घरात आधी कधी झालं नव्हतं. सगळे धाकट्याच्या बाजूचे झाले, आणि धाकटाच आपल्या नेहमीच्या, टॉवरच्या बाजूला नव्हता. तो म्हणाला की आपण कोणाला काही सांगणार नाही. त्याला फक्त दादाने फसवलं का एवढंच जाणून घ्यायचं होतं. ते समजलं, विषय संपला. टॉवर गेला तर गेला, धक्क्यावरची क्रेन कुठे पळून जात नाही. हे बोलताना त्याने फोटो घडी करून खिशात ठेवला. एकंदरीत तो फार उदारपणे बोलला आणि त्याला स्वतःलाच त्याचं नवल वाटलं.

मधली त्याच्याहून जोरात हेच म्हणाली, पण तिचं कारण वेगळं होतं. दोराचं काम भावाला द्या म्हणून खात्यात शब्द तिने टाकला होता. जागा ज्याची, दोर त्याचा, आणि चूक नेमकी त्याच्याच फायद्याची. हे कोण मानणार? तिने आठ वर्षं त्या खिडकीमागे काढली होती आणि पुढच्या वर्षी तिला वरची जागा मिळायची होती. “दादा, चूक झाली हे मला पटतं. पण मला पटून उपयोग काय? लोक म्हणतील, भावाने दोर वाढवला आणि बहिणीने डोळे मिटले.” तिचे डोळे भरून आले होते आणि त्याबद्दल ती स्वतःवरच चिडली होती.

थोरली नेहमी शेवटी बोले, आणि थोडं बोले.

“अहो, नका सांगू,” ती म्हणाली.

थोरल्याने तिच्याकडे पाहिलं. खणातलं पुस्तक त्याला माहीत होतं, खिडकीभोवतीचं वर्तुळही. सकाळी नॅपकिन घेताना ते खोडलेलं त्याने पाहिलं होतं. खरं बोलण्यात फायदा असलेली या टेबलावर दोनच माणसं होती, आणि दोघंही त्याला गप्प बस म्हणत होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ असले की चावायचं तरी कोणाला.

“मला ही जागा सोडायची नाही,” तो म्हणाला. हे त्याने आजवर इतकं सरळ कधी सांगितलं नव्हतं. नेहमी पणजोबा किंवा बाबांना पुढे करी. “मला दुसरं काही येत नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी पुढे चालायला शिकू का आता?”

कोणी हसलं नाही. आईने मीठ मागितलं आणि ते सुपात टाकता टाकता आजोबांची गोष्ट काढली. ती सगळ्यांना पाठ होती. आजोबांनी एका गलबताला नांगराचा दोर दिला, गलबत निघालं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की दोर दोन हात कमी आहे. ते गलबतामागे गेले आणि दोर बदलून देऊन आले. पोहत गेले की होडीने, यावर घरात एकमत नव्हतं. बाबा सांगत तेव्हा पोहत जात.

“होडीनेच गेले,” आई म्हणाली. “मला सासूबाईंनी सांगितलंय. आणि गेले ते रडत गेले. वाटेत दोनदा परत फिरले. पोहत गेले म्हणजे शूर झाले असं तुमच्या बाबांना वाटायचं.”

तिने सूप चाखलं.

“बिल्ल्यावर काय लिहिलंय?”

“एकशेचाळीस,” थोरला म्हणाला.

“मग झालं तर.”

आईला टॉवर नको होता. या घरातून मला आडवीच न्यायची, लिफ्टने उभी नव्हे, असं ती येईल त्याला सांगे. तरी ती एवढंच बोलली आणि सूप संपवू लागली. मधलीने तोंड फिरवलं. धाकटा बूट घालायला गेला आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिला.

सोमवारी सकाळी थोरला इंजिनियरपुढे जाऊन उभा राहिला. इंजिनियरला आधी राग आला, मग आठवलं की आपणही मोजला नव्हता, आणि मग तो फार सौजन्याने वागू लागला. थोरल्याने बहिणीचा यात संबंध नाही हे तीनदा सांगितलं, आणि तिसऱ्यांदा सांगितल्यावर इंजिनियरला संबंध असावा असं वाटू लागलं. ठरलं असं की बुधवारी पुन्हा फुगा सोडायचा, आणि दोर सगळ्यांसमोर फितीने मोजून कापायचा.

मंगळवारच्या स्थानिक पेपरात चौकटीत बातमी आली. ज्यांना टॉवर नको होता त्यांनी थोरल्याशी बोलणं सोडलं; हात दाखवून अवलक्षण करून घ्यायला याला कोणी सांगितलं होतं, असं न्हावी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत होता. ज्यांना टॉवर हवा होता ते म्हणाले, आम्हाला आधीपासूनच संशय होता. पाववाल्याने पाव देताना, “मोजून घ्या, वीस धरून आहेत,” असं म्हटलं आणि थोरलीने ते घरी येऊन सांगितलं नाही. मधलीला खात्याने आठ दिवस घरी बसायला सांगितलं. ती घरी न बसता इथे येऊन आईच्या खोलीतली कपाटं आवरू लागली, आणि थोरल्याशी फक्त कपाटांबद्दल बोलली.

बुधवारी वारा नव्हता. अंगणात शनिवारपेक्षा दुप्पट गर्दी होती, कारण शनिवारी लोक फुगा बघायला आले होते आणि आज फुगा आणि दोरवाला दोन्ही बघायला आले होते. थोरल्याने कोणाकडे न बघता दोर पसरला. इंजिनियरने एका टोकाला फीत धरली, धाकटा पाळी सोडून आला होता, त्याने दुसऱ्या. एकशेचाळीसवर खडूची खूण झाली. थोरल्याने सुरी लावली. तीन पदर एकामागून एक सुटले, आणि चाळीस मीटरचा तुकडा त्याच्या पायाशी पडला.

फुगा सुटला. आईला अंगणात खुर्ची दिली होती. सगळी डोकी एकदम मागे गेली, शनिवारसारखीच. फुगा वर गेला, गोदामावरून गेला, क्रेनच्या हाताच्या वर गेला, आणि दोराला ताण बसला तसा थांबला. लोक वाट बघत राहिले. मग तो आणखी वर जाणार नाही हे त्यांच्या लक्षात आलं.

“हात्तिच्या,” पाववाला म्हणाला. “एवढाच?”

तो शब्द गर्दीतून फिरला. एवढाच? अहो, एवढाच होता तर! औषधवाल्याने मान चोळली आणि खिशातून सह्यांचा कागद काढला. न्हाव्याने डोळ्यांवर हात धरून बघितलं आणि म्हणाला की एवढ्याने तर माझ्या दुकानावर सावलीसुद्धा यायची नाही. शनिवारी हेच लोक दोन पावलं मागे सरले होते. आज त्यांना सूट मिळाल्यासारखं वाटत होतं, अकरा-बारा मजल्यांची.

धाकट्याने ते ऐकलं आणि दादाकडे बघवेना म्हणून तो फीत गुंडाळू लागला. त्याला हवं होतं ते सगळं मिळणार होतं आणि त्याला वाईट वाटत होतं. मधली माडीच्या खिडकीत उभी होती. येत्या रविवारी काय होणार हे तिला तिथूनच समजलं. तिने इतकी वर्षं खिडकीमागून हेच चेहरे पाहिले होते. थोरली फुग्याकडे बघत नव्हती. ती दोरावर खालून मजले मोजत होती, आठ, नऊ, दहा. अकराव्याशी येऊन ती थांबली, आणि आपण काय करतोय हे लक्षात येताच तिने नजर खाली घेतली. ती नजर नवऱ्याच्या नजरेला भिडली. तोही तिथेच बघत होता.

“वारा असेल तिथे,” तो म्हणाला.

थोरली त्याच्या जवळ सरकली. तिने त्याच्या बाहीला लागलेलं सूत काढलं.

“अरे,” आईने खुर्चीतून हाक मारली. “एवढंच होतं होय? मग उगीच माझा जीव घाबरवलात.”

ती मनापासून बोलली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर किती हलकं वाटत होतं ते सगळ्यांना दिसलं.

थोरल्याने फुग्याकडे अजून नीट पाहिलं नव्हतं. आता त्याने पाहिलं. चांगला एकशेचाळीस मीटर होता. लांबी उभी केली असती तर तिच्या निम्म्याहून बराच वर. त्याला तो उंच दिसायला हवा होता. तो बराच वेळ बघत राहिला, एक डोळा मिटूनही बघितलं. पण शनिवारचा फुगा डोळ्यांतून जात नव्हता, आणि त्याच्याखाली हा जेमतेम वाटत होता.

“हो,” तो आईला म्हणाला. “एवढंच.”

मग त्याने पायाशी पडलेला तुकडा हातावर गुंडाळून घेतला आणि लांबीत जाऊन खुंटीला टांगला. बिल्ल्यावर चाळीस लिहिण्याआधी त्याने तो दोनदा मोजला.